कॉइल किती व्होल्टची नव्हे, किती ओहमची?

या वेळच्या टपालात एकाच विषयाची पत्रं जास्त आहेत आणि त्यातली बहुतेक अमेरिकेच्या मिडवेस्टमधून आली आहेत. तिथल्या उन्हाळी जत्रांमध्ये जुन्या ट्रॅक्टरच्या ओढण्याच्या स्पर्धा होतात. ट्रॅक्टरला मागे स्लेज जोडतात. ट्रॅक्टर पुढे सरकतो तसा स्लेजवरचा वजनाचा डबा पुढे येत जातो, ओझं वाढत जातं आणि शेवटी चाकं जागीच फिरू लागतात किंवा इंजिन बसतं. वजनाच्या त्याच गटात जो जास्त फूट गेला तो जिंकला. जुन्यांच्या गटात चाळीस-पन्नासच्या दशकांतले पेट्रोल ट्रॅक्टर उतरतात. त्यांना प्लग, सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) आणि कॉइल (बॅटरीच्या थोड्या व्होल्टचे ठिणगीसाठी हजारो व्होल्ट करणारी) असते, त्यामुळे या विभागाकडे प्रश्न आले आहेत.

प्रश्न : माझा फारमॉल एम १२ व्होल्टवर बदललेला आहे. बोअर वाढवलाय, पिस्टन जास्त कॉम्प्रेशनचे आहेत. ओढीच्या शेवटच्या टप्प्यात इंजिन मिसिंग मारतं (मधूनच पेटायचं चुकतं). ४५,००० व्होल्टची कॉइल लावली तर किती हॉर्सपॉवर वाढेल? (वाचक, आयोवा)

उत्तर : मिसिंग नसतं तर उत्तर ‘शून्य’ असं एका शब्दात संपलं असतं. मिसिंग आहे म्हणून जरा खोलात जाऊ.

डब्यावर छापलेला व्होल्टचा आकडा ही कॉइलची कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात प्लगची फट मागेल तेवढाच विजेचा दाब (व्होल्ट) ती तयार करते. ठिणगी उडाली की दाब तिथेच कोसळतो. फटीला १२,००० व्होल्ट पुरत असतील तर २०,००० ची कॉइलही १२,००० देते आणि ४५,००० चीही १२,०००च देते. ठिणगी पडते आहे, मिश्रण पेटतं आहे, तर जास्त व्होल्टने ते जास्त पेटत नाही.

मग शेवटच्या टप्प्यातच मिसिंग का? ओझं वाढतं, इंजिनाचे फेरे (आरपीएम) कमी होतात, गव्हर्नर थ्रॉटल पूर्ण उघडतो आणि सिलिंडरमध्ये भरपूर मिश्रण कोंबलं जातं. दाटलेल्या मिश्रणातून ठिणगी पाडायला जास्त व्होल्ट लागतात. कॉम्प्रेशन वाढवलेल्या इंजिनात ही मागणी आणखी वर जाते. अशा वेळी डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) कॅपमध्ये केसाएवढी चीर असेल, आतला रोटर झिजलेला असेल किंवा प्लगवायरचं रबर कडक झालं असेल, तर करंट प्लगच्या फटीपेक्षा त्या सोप्या वाटेने पळतो. या स्थितीत मोठी कॉइल लावली तर गळती वाढते आणि कॅपमध्ये काळी रेघ जळत जाते. म्हणून आधी गळती बंद करा, कॉइलचं मग बघू.

तपासायचा क्रम असा ठेवा. आधी हे खरंच इग्निशनचं मिसिंग आहे का ते ठरवा. इग्निशन तुटतं तेव्हा इंजिन झटका देतं आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये फुटतं. पेट्रोल कमी पडत असेल तर इंजिन हळूहळू दम सोडतं, कार्ब्युरेटर उलटा शिंकतो. कार्ब्युरेटरच्या तळाचा प्लग काढून बरणी धरा. दोन-तीन मिनिटांत अर्धा लिटर सलग धारेने पडलं नाही, तर सेडिमेंट बाउल, टाकीचा कॉक आणि जाळी साफ करा. कॉइलचे पैसे वाचतील.

पेट्रोल ठीक असेल तर मल्टिमीटर घ्या. चावी चालू, पॉइंट मिटलेले. बॅटरीच्या गरम (अर्थ न केलेल्या) टोकापासून कॉइलच्या फीड (चावीकडून वीज येणाऱ्या) टर्मिनलपर्यंत मीटर लावला (मध्ये बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे करंट कमी करणारा रोधक, नसेल तर) तर ०.३ व्होल्टपेक्षा जास्त घट दिसू नये. दिसली तर जुना स्विच, अमीटर नाहीतर गंजलेला लग (तारेचं टोक) व्होल्ट खातोय. मग पॉइंटच्या तारेपासून डिस्ट्रिब्युटरच्या अंगापर्यंत मोजा. मिटलेल्या पॉइंटवर ०.२ व्होल्टच्या आत हवं. त्यानंतर डिस्ट्रिब्युटरच्या अंगापासून बॅटरीच्या अर्थ टोकापर्यंत ०.१ च्या आत. रंग मारलेल्या ट्रॅक्टरमध्ये बहुधा इथेच चोर सापडतो, कारण डिस्ट्रिब्युटर बसतो त्या जागेवरही रंग चढवलेला असतो. शेवटी अंधारात इंजिन चालवून कॅप आणि वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारा. निळ्या रेघा चमकल्या की जागा कळली.

एवढं करून सगळं स्वच्छ निघालं आणि मिसिंग तरीही राहिलं, तर प्लगची फट बघा. मूळ २५ थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फट कुणीतरी ‘जोरदार ठिणगी’ हवी म्हणून ४० थाऊ केलेली असते. परत २५ वर आणा. मिसिंग गेलं तर कॉइल बदलायची गरजच नव्हती. पण वाढवलेल्या कॉम्प्रेशनमध्ये २५ थाऊवरही तुटत असेल आणि कॉइल कधीची आहे ते माहीत नसेल, तर नवी चांगली कॉइल हा योग्य खर्च आहे. मग फट ३० पर्यंत नेऊन पाहता येईल. ३५ च्या पुढे जाण्यात आम्हाला तरी शहाणपण दिसत नाही.

प्रश्न : पण रेसिंगवाले या कॉइल वापरतातच ना? त्यांना फायदा होतो, मग आम्हाला का नाही? (वाचक, ओहायो)

उत्तर : त्यांचं गणित वेगळं आहे. चार स्ट्रोकच्या चार सिलिंडर इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन ठिणग्या लागतात. फारमॉल एमचे मूळ कामाचे फेरे १,४५० म्हणजे मिनिटाला २,९०० ठिणग्या, दोन ठिणग्यांत साधारण २१ मिलिसेकंदांचं अंतर. ओढीसाठी फेरे २,४०० पर्यंत नेले तरी अंतर साडेबारा मिलिसेकंद उरतं. त्यातला निम्मा वेळ पॉइंट मिटलेले धरले तर कॉइल भरायला सहा मिलिसेकंदांहून जास्त मिळतात. साधी ३ ओहम रोधाची कॉइल, इंडक्टन्स (करंट चढायला होणारी आडकाठी) ८ मिलिहेन्री धरला, तर एवढ्या वेळात आपल्या पूर्ण करंटच्या ८५-९० टक्क्यांपर्यंत पोचते.

आता व्ही-८ इंजिन ६,००० फेऱ्यांवर घ्या. मिनिटाला २४,००० ठिणग्या, दोहोंत अडीच मिलिसेकंद. तिथे साधी कॉइल निम्मीही भरत नाही. म्हणून कमी ओहमच्या, झटपट भरणाऱ्या कॉइल निघाल्या. आपला ट्रॅक्टर त्या मानाने रांगतोय. जी अडचण त्याला नाही तिचं औषध त्याला पाजून काय मिळणार?

प्रश्न : दुकानात सहा व्होल्टची, बारा व्होल्टची, ‘रेझिस्टरसह वापरा’ लिहिलेली, रेझिस्टर नको म्हणणारी अशा चार प्रकारच्या कॉइल दाखवल्या. सगळे डबे सारखेच दिसतात. निवडायची कशी? (वाचक, इलिनॉय)

उत्तर : लेबल विसरा, ओहम मोजा. कॉइलच्या तारा सोडवा, मीटर २०० ओहमच्या पट्टीवर ठेवा, आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून दिसणारा आकडा टिपा (बहुधा ०.२ ते ०.४) आणि मग प्लस-मायनस टर्मिनलमधल्या वाचनातून तो वजा करा. हे थंड कॉइलवर करा, कारण तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो.

पॉइंटना साधारण चार-साडेचार अँपिअर झेपतात. सगळी निवड या एका आकड्याभोवती फिरते. १२ व्होल्टचा ट्रॅक्टर चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास असतो. ३ ते ३.५ ओहमची कॉइल असेल तर करंट ४ ते ४.७ अँपिअर, रेझिस्टर लागत नाही. कॉइल दीड ओहमची निघाली, तर ती एक तर ६ व्होल्टची आहे, नाहीतर रेझिस्टरसोबत वापरायची १२ व्होल्टची. दोन्हींना १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरवर दीड ते १.८ ओहमचा चिनी मातीचा बॅलास्ट रेझिस्टर लावावाच लागतो. तसाच थेट जोडलात तर नऊ अँपिअर वाहतात. पॉइंट निळे-काळे पडतात, कॉइल हात लावू देत नाही आणि एका स्पर्धेत सगळं आटोपतं. उलट ३ ओहमच्या कॉइलला कुणी रेझिस्टर लावून ठेवला असेल तर ठिणगी मरगळते. ‘१२ व्होल्टवर बदलल्यापासून ओढ गेली’ अशा तक्रारीत हे हमखास तपासा.

रेझिस्टर बरोबर बसलाय का ते पाहायची सोपी खूण : चावी चालू, पॉइंट मिटलेले, कॉइलच्या फीड टर्मिनलवर बॅटरीच्या साधारण निम्मे, म्हणजे सहा-सात व्होल्ट. पॉइंट उघडे असतील तर तिथे पूर्ण बारा दिसतील आणि फसाल. आधी पॉइंट मिटले आहेत याची खात्री करा.

०.७ ओहमच्या ‘हाय परफॉर्मन्स’ कॉइलबद्दल स्वतंत्र सांगतो, कारण याच सर्वांत जास्त खपतात. एमएसडी कंपनीची ब्लास्टर २ याच वर्गातली. तिच्यासोबत मिळणारा ०.८ ओहमचा रेझिस्टर लावला तरी एकूण रोध दीड ओहमच होतो. संथ फिरणाऱ्या चार सिलिंडरमध्ये पॉइंट दर खेपेला बराच वेळ मिटलेले राहतात, त्यामुळे करंट पूर्ण चढतो. व्ही-८ वर चालून जाणारी ही जोडी ट्रॅक्टरवर पॉइंट खाते. कमी ओहमची कॉइल हवीच असेल तर करंट स्वतः आवरणारा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल हवा, पॉइंट नकोत.

नव्या कॉइलसोबत पॉइंट आणि कंडेन्सरही (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा भाग) नवा घ्या. फारमॉलच्या बॅटरी इग्निशनच्या डिस्ट्रिब्युटरला पॉइंटची फट २० थाऊ. कंडेन्सर साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडचा असतो. पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि समोर टेंगूळ दिसू लागलं की कंडेन्सर जुळत नाही असं समजा. पॉइंटची फट बदललीत तर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुन्हा लावा. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं. डिस्ट्रिब्युटरचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. ‘नवी कॉइल लावल्यावर काय जोर आला!’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं त्या दिवशी टायमिंग पहिल्यांदाच नीट लागलेलं असतं, असा आमचा संशय आहे.

प्रश्न : सहा व्होल्ट पॉझिटिव्ह अर्थवरून (बॅटरीचं प्लस ट्रॅक्टरच्या अंगाला) बारा व्होल्ट निगेटिव्ह अर्थवर (मायनस अंगाला) आलो. कॉइलच्या तारा तशाच ठेवल्या, इंजिन चालतंय. बदलायलाच हव्यात का? (वाचक, विस्कॉन्सिन)

उत्तर : हव्यात. चालतंय हीच फसगत आहे. प्लगचा मधला, तापलेला इलेक्ट्रोड ऋण असला की इलेक्ट्रॉन त्याच्यातून सहज सुटतात. उलटं जोडलं की त्यांना थंड बाहेरच्या पट्टीतून निघावं लागतं आणि तीच फट ओलांडायला लक्षणीय जास्त व्होल्ट लागतात. रिकाम्या ट्रॅक्टरवर कळणार नाही, स्लेज जड झाला की कळेल. निगेटिव्ह अर्थला कॉइलचं प्लस चावीकडे आणि मायनस डिस्ट्रिब्युटरकडे. पॉझिटिव्ह अर्थला बरोबर उलट. अमीटरच्या ताराही अदलाबदल करा.

खात्री करायची तर शिसपेन्सिलचं टोक प्लगवायर आणि प्लग यांच्या मधल्या ठिणगीत धरा, अर्थात वायर रबरी मुठीच्या चिमट्याने पकडून. नारिंगी पिसारा प्लगच्या बाजूला दिसला तर जोडणी बरोबर, वायरच्या बाजूला दिसला तर उलटी.

प्रश्न : माझ्या एमवर एच-४ मॅग्नेटो आहे. त्याला बाहेरून जोरदार कॉइल जोडता येईल का? (वाचक, नेब्रास्का)

उत्तर : नाही. मॅग्नेटोची कॉइल त्याच्या पोटातच असते आणि वीज तो स्वतःच्या चुंबकावर बनवतो. त्याच्या बाहेरच्या टर्मिनलला फक्त बंद करायची अर्थची तार जोडतात. तिथे बॅटरीचे बारा व्होल्ट दिले तर कॉइल जळू शकते आणि चुंबकाची ताकद उतरू शकते. बॅटरीवाल्या ट्रॅक्टरचा स्विच मॅग्नेटोच्या ट्रॅक्टरवर बसवताना ही चूक होते.

खरं तर ओढीसाठी मॅग्नेटो वाईट नाही. बॅटरीची कॉइल फेरे वाढतील तशी अशक्त होते, मॅग्नेटो उलट तेज होतो. पॉइंट १३ थाऊवर ठेवा, चुंबक पुन्हा भरून घ्या, आणि स्टार्टर मारताना इम्पल्स कपलिंगचा (सुरू करताना मॅग्नेटोला झटक्याने फिरवणाऱ्या स्प्रिंगच्या जोडणीचा) ‘टक-टक’ आवाज येतो का ऐका. आवाज नसेल तर सुरू करताना ठिणगी मागे सरकत नाही आणि इंजिन उलटा फटका देतं. हँडल मारून सुरू करणाऱ्याचं मनगट त्यात जातं.

प्रश्न : पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवू का? (वाचक, ओंटारिओ)

उत्तर : आधी आपल्या गटाची नियमपुस्तिका वाचा. काही स्टॉक गटांत ते चालत नाही. चालत असेल तर पॉइंटची फट हलणं आणि शाफ्टच्या लूजमुळे टायमिंग नाचणं बऱ्यापैकी थांबतं. शक्ती वाढत नाही, नेम सुधारतो.

पर्ट्रॉनिक्स कंपनीच्या ‘इग्नायटर’ या साध्या किटला चार सिलिंडरमध्ये किमान ३ ओहमची कॉइल लागते. दीड ओहमची आठ सिलिंडरसाठी. ०.६ ओहमची फ्लेमथ्रोअर टू त्यांच्याच इग्नायटर टूसाठी आहे, साध्यासाठी नाही. ६ व्होल्टसाठी आणि पॉझिटिव्ह अर्थसाठी किट वेगळे येतात, बॉक्स नीट वाचून घ्या. तांब्याच्या गाभ्याच्या प्लगवायर काढून सप्रेशन वायर लावा, नाहीतर त्यांचा विजेचा गोंधळ मॉड्यूलला चकवतो. आणि वजनकाट्यावर रांगेत उभे असताना इंजिन बंद करून चावी चालू ठेवू नका. पॉइंटवाल्या ट्रॅक्टरवर त्याने कॉइल तापते, साध्या इग्नायटरवर मॉड्यूलच जातो.

प्रश्न : अल्टरनेटर बसवल्यापासून चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहतं. मागच्या किल स्विचनेही बंद होईना, म्हणून तपासणीत नापास झालो. (वाचक, इंडियाना)

उत्तर : नापास केलं ते योग्यच केलं. हा स्विच स्लेजला दोरीने बांधलेला असतो. साखळी तुटून ट्रॅक्टर सुटला की पिन उपटली जाऊन इंजिन तत्काळ मेलं पाहिजे.

डेल्को १०एसआय जातीच्या अल्टरनेटरवर दोन छोटे टर्मिनल असतात. २ नंबर बॅटरीचा दाब बघतो, १ नंबरला चावीकडून सुरुवातीचा करंट मिळतो. इंजिन फिरत असेपर्यंत याच १ नंबरमधून वीज उलटी चावीच्या तारेत येते आणि कॉइलला पोसत राहते. त्या तारेत ३ अँपिअरचा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) टाका, त्याच्यावरची रेघ अल्टरनेटरच्या बाजूला. डायोडऐवजी चार्जिंगचा छोटा १२ व्होल्टचा दिवाही चालतो, शिवाय बेल्ट तुटल्याचं तो सांगतो.

किल स्विच कुठे बसवलाय तेही पाहा. स्टार्टर मारताना बॅलास्ट टाळून कॉइलला पूर्ण व्होल्ट देणारी बायपास तार असेल, तर ती आणि नेहमीची फीड जिथे एकत्र येतात त्याच्या पुढे, कॉइलच्या अगदी अलीकडे स्विच हवा. मॅग्नेटोवर रचना उलटी असते. तिथे स्विचने तार तोडायची नसते, अर्थला जोडायची असते. दोन्हींत चाचणी एकच : इंजिन चढ्या फेऱ्यांवर ठेवून, गिअर न्यूट्रल, पिन ओढा.

प्रश्न : फोर्ड ८एन, पुढे डिस्ट्रिब्युटर, त्यावर चौकोनी कॉइल. गोल कॉइल बसवावी का? (वाचक, मिशिगन)

उत्तर : हलक्या गटांत चौकोनी कॉइल पुरते. तिच्या तळातली स्प्रिंग दबली किंवा वाकडी झाली की मिसिंग येतं, आधी ती पाहा. १२ व्होल्टवर बदलताना डॅशबोर्डमागचा मूळ रेझिस्टर आणि कॉइल दोन्ही मोजा आणि एकूण करंट चार अँपिअरच्या आसपास बसवा. पुढच्या डिस्ट्रिब्युटरला पॉइंट १५ थाऊ, बाजूच्याला २५. फायरिंगचा क्रम १-२-४-३ आहे. फारमॉलचा १-३-४-२. फारमॉलवर हात बसलेला माणूस इथे दोन वायरींची अदलाबदल करतो आणि दोष कॉइलला देतो.

प्रश्न : आमच्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरला अशी कॉइल लावून ताकद वाढेल का? (वाचक, सांगली)

उत्तर : डिझेल दाबाने पेटतं. त्यात प्लगची ठिणगी नाही, म्हणून कॉइलही नाही. पंप आणि नोझल तपासून घ्या. मात्र घरात जुनी पेट्रोल जीप असेल तर वरचं ओहमचं सगळं गणित तिला जसंच्या तसं लागू आहे. फक्त आपल्याकडचे मिस्त्री ज्याला ‘डेल्को’ म्हणतात तोच हा डिस्ट्रिब्युटर, एवढं ध्यानात ठेवून वाचा.